परटाचा हिशेब

सेबाला विंचू चावला म्हणून तो कामावर आला नाही. हुयनेफरचा डोळा दुखत होता. पेन्नुबची आई आजारी होती. कुणी घरी बीअर करायला राहिला, कुणी मेलेल्या माणसाला कापडात गुंडाळायला थांबला, कुणाची लेक बाजूला बसली होती. वर्ष इजिप्तचा राजा रॅमसीस दुसरा याच्या राज्याचं चाळिसावं, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या सुमाराचं. हा रजेचा तक्ता चुनखडीच्या एका कपच्यावर लिहिलेला आहे. उंची हातभरही नाही, आणि दोन्ही बाजूंनी मजकूर. काळ्या शाईत नावं आणि तारखा, तारखेच्या डोक्यावर बारीक लाल अक्षरात कारण. चाळीस माणसं आणि वर्षातले २८० दिवस त्यात बसवले आहेत. दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो.

नोकरीची बरीच वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली. मस्टर, रजेचे अर्ज, सेवापुस्तकातल्या नोंदी, हेच काम. त्यामुळे तो दगड काचेपलीकडे पाहिला तेव्हा माझं लक्ष आधी लाल शाईकडे गेलं. सोबतच्या छापील भाषांतरात काही नावांपुढे कारण दिसलं, ‘लेखनिकासाठी दगड आणायला’. म्हणजे माणूस सरकारी कामावर नाही, कारण तो साहेबाच्या खासगी कामावर आहे. आणि हे कारण साहेबाच्याच दप्तरात रीतसर चढवलेलं आहे. एवढा उघडपणा आमच्याकडेही नव्हता. आम्ही त्याला ‘कार्यालयीन कामानिमित्त बाहेर’ म्हणायचो.

ही माणसं देर अल-मदिनाची. लक्झरला नाईलच्या पश्चिम तीरावर, शेती संपून वाळवंट सुरू होतं तिथे, डोंगराच्या एका खबदाडात हे गाव होतं. अठराव्या राजघराण्याच्या सुरुवातीला वसवलेलं. गावकुसाच्या विटांवर थटमोस पहिला याच्या नावाचे शिक्के सापडले आहेत. तिथून विसाव्या घराण्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षं, या गावाचं एकच काम होतं, डोंगरापलीकडच्या दरीत राजांची थडगी खोदायची आणि रंगवायची. गावकुसाच्या आत भरभराटीच्या काळात अडुसष्ट घरं होती, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. मधून एक अरुंद गल्ली. काम करणाऱ्यांची टोळी जहाजावरच्या खलाशांसारखी ‘उजवी’ आणि ‘डावी’ अशी विभागलेली. प्रत्येक बाजूला एक मुकादम, त्याचा एक दुय्यम, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसून लिहिणारा लेखनिक. आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस माणसं डोंगराच्या खिंडीतल्या दगडी झोपड्यांत मुक्काम करायची, शेवटचे दोन दिवस घरी यायची. तांब्याच्या छिन्न्या देताना तोलून देत आणि बोथट झाल्या की तोलून परत घेत. थडग्याच्या अंधारात दिव्याला लागणाऱ्या वातीसुद्धा मोजून मिळत, आणि किती जळल्या ते लिहून ठेवलं जाई.

लिहायला सामान फुकटचं. थडगं खोदायचं म्हणजे चुनखडी फोडायची, आणि फोडली की पांढऱ्या गुळगुळीत कपच्यांचा ढीग पडायचा. पपायरस महाग, कपचा उचलला की झालं. आपण लिफाफ्याच्या मागे किराण्याची यादी लिहितो तसा हा सगळा व्यवहार. यादी संपली की कपचा फेकून द्यायचा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर १९२२ पासून तीस वर्षांच्या आसपास इथे खोदत होते. गावाच्या उत्तरेला पन्नास मीटरच्या घरात खोल असा एक प्रचंड खड्डा आहे, बहुधा पाण्यासाठी खणलेला. पाणी काही लागलं नाही, त्यात कचरा मात्र भरला. तो खड्डा उपसला तेव्हा एकट्या त्यातून पाच हजारांच्या आसपास लिहिलेले तुकडे निघाले. चेक विद्वान यारोस्लाव चेर्नी यांनी आयुष्यभर असले तुकडे वाचले. वाळवंट कोरडं, शाई टिकली, आणि गाव सोडून गेल्यावर त्या जागेवर दुसरं गाव वसलं नाही. आज आपल्याला प्राचीन इजिप्तमधल्या साध्यासुध्या माणसांबद्दल जे ठाऊक आहे, त्यातलं फार मोठं माप या एका गावाच्या कचऱ्यातून आलेलं आहे.

लक्झरच्या सहलीत आमच्या गाइडला देर अल-मदिनात थांबायची मुळीच इच्छा नव्हती. ‘छोटी घरं, नो रूफ,’ असं तो बसमध्ये म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. छपरं नाहीत; कंबरेइतक्या, कुठे छातीइतक्या दगडी भिंती आहेत. पण एका घरात शिरलं की पुढचं आपोआप कळतं. पहिली खोली रस्त्याला लागून, त्यात कोपऱ्यात विटांचा एक बंदिस्त चौथरा. तो बाळंतिणीचा की देवाचा, यावर अजून वाद चालू आहे. दुसरी खोली उंच छताची, मधे खांब, भिंतीला टेकून बसायचा ओटा. ओट्याखाली किंवा बाजूला तळघर. मग निजायची एखादी खोली, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर, ज्याच्यावर पक्कं छप्पर नव्हतंच. तिथे भट्टी, दळायचा पाटा, गच्चीवर जायचा जिना. घर रुंदीला पाचसहा मीटर आणि आत आत शिरत जाणारं. आमच्या गटातल्या एका काकूंनी मागे पोचल्याबरोबर विचारलं, ‘आणि पाणी कुठे साठवायचे?’ गाइडकडे उत्तर नव्हतं. या गावाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न खरं तर तोच आहे. त्याच्याकडे येतो.

पगार धान्याचा. साध्या कामगाराला महिन्याला चार खार एमर गहू आणि दीड खार जव. मुकादमाला गहू साडेपाच आणि जव दोन. खार म्हणजे साधारण शहात्तर-सत्त्याहत्तर लिटरचं माप, तेव्हा एका घरात महिन्याला तीनशे लिटरवर गहू यायचा. एमर म्हणजे आपला खपली. जव बीअरसाठी. शिवाय मासे, भाजी, जळण, मडकी. एवढं धान्य एका कुटुंबाला खाऊन संपत नसे, उरलेल्यावर व्यवहार चाले. नाणं नव्हतं, किंमत तांब्याच्या वजनात, देबेनमध्ये धरायची आणि द्यायचं मात्र हाताशी असेल ते. खारभर धान्य दोन देबेनच्या आसपास, गाढव पंचवीस ते चाळीस. पेटी घ्यायची तर एक बकरं, दोन टोपल्या, थोडं तेल आणि एक सदरा असं काहीतरी जुळवून आकडा भरायचा. मला हे वाचताना थकवा येतो, त्यांना येत नसावा.

उधारी अर्थातच होती. मेन्ना नावाच्या कामगारानं ताज्या चरबीचं एक भांडं मेंतमोस नावाच्या पोलिस अधिकाऱ्याला दिलं. ‘जवाच्या रूपात पैसे देतो, माझा भाऊ जामीन,’ असं मेंतमोस म्हणाला होता. रॅमसीस तिसरा याच्या सतराव्या वर्षातली ही गोष्ट. मेन्नानं गावच्या न्यायसभेत तीनदा तक्रार केली, हाती काही आलं नाही. रॅमसीस चौथा गादीवर आला, त्याचंही तिसरं वर्ष उजाडलं. मधे अठरा वर्षं गेली, तेव्हा अधिकाऱ्यानं राजाच्या नावानं शपथ घेतली की पुढच्या महिनाअखेरपर्यंत दिलं नाही तर शंभर फटके खाईन आणि दुप्पट भरीन. पोलिसाकडून उधारी वसूल करणं त्याही काळात सोपं नव्हतं एवढं कळलं. मला कौतुक वाटतं ते मेन्नाचं. अठरा वर्षं एका भांड्याचा हिशेब डोक्यात ठेवायचा, राजा बदलला तरी सोडायचा नाही.

आणि तो लेखनिक, ज्याच्यासाठी लोक दगड वाहत होते, त्याचं नाव केनहेरखेपशेफ. त्याचं हस्ताक्षर भयानक होतं, इतकं की आजचे अभ्यासक अक्षरावरूनच त्याला ओळखतात. त्याच्या हाताखालच्या प्रेहोतेप नावाच्या चित्रकारानं त्याला लिहिलेली एक चिठ्ठी उरली आहे. तिचा भावार्थ असा: तुम्ही मला हे काय वागवताय? मी म्हणजे तुमचं गाढव. काम असलं की आणा त्या गाढवाला. खायचं असलं की बोलवा बैलाला. बीअर असली की माझी आठवण नाही, काम असलं की माझा शोध. चिठ्ठीच्या शेवटी तो म्हणतो, माझ्या घरात बीअर नाही, तुम्हाला लिहून पोट भरायचा प्रयत्न करतोय. हाताखालच्या माणसानं वरिष्ठाला असं लेखी कळवणं, आणि त्यानंतरही नोकरीत राहणं, हे त्या गावाचं वैशिष्ट्य म्हणायला हवं. लेखणी दोघांच्याही हातात होती.

या केनहेरखेपशेफची बायको नौनाख्ते. तो म्हातारा, ती पोरवयाची. तो गेल्यावर तिनं खाएमनून नावाच्या साध्या कामगाराशी दुसरा संसार केला आणि आठ मुलं वाढवली. रॅमसीस पाचवा याच्या तिसऱ्या वर्षी, इ.स.पू. ११४५ च्या आसपास, म्हातारपणी ती साक्षीदारांसमोर उभी राहिली. मी फेरोच्या देशातली स्वतंत्र बाई आहे, असं तिनं आधी सांगितलं. ही आठ पोरं मी वाढवली, त्यांच्यासारख्यांना जे द्यायचं ते सगळं देऊन त्यांचे संसार मांडून दिले. आता मी म्हातारी झाले आणि ती माझ्याकडे पाहत नाहीत. ज्यानं माझ्या हातावर काही ठेवलं त्याला मी माझं देईन, ज्यानं नाही ठेवलं त्याला नाही. मग नावं घेऊन तिनं काही जणांना आपल्या वाट्यातून वगळलं. बापाच्या वाट्यावर त्यांचा हक्क राहील, हेही नमूद केलं. ज्या मुलानं तिला सांभाळलं त्याला इतरांपेक्षा एक धातूचं भांडं जास्त. गल्लीत अडुसष्ट घरं, भिंतीला भिंत. ही बातमी संध्याकाळपर्यंत कुठवर पोचली असेल ते सांगायला नको.

या माणसांनी संपही केला. रॅमसीस तिसरा याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, धान्य यायला उशीर होऊ लागला. महिन्यातले अठरा दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत टोळी पहाऱ्याच्या पाच चौक्या ओलांडून खाली उतरली आणि थटमोस तिसरा याच्या देवळामागे तिनं ठिय्या दिला. पुढच्या दिवसांत रॅमसीस दुसऱ्याच्या मोठ्या देवळापर्यंत मजल गेली. भुकेनं आणि तहानेनं आम्हाला इथे आणलं. कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या राजाला कळवा, वजिराला कळवा. हे लेखनिक अमेन्नाख्तनं पपायरसवर लिहून ठेवलं, आणि तो पपायरस आज इटलीत तुरिनला आहे. मागच्या महिन्याचं धान्य मिळालं. नंतर पुन्हा थकलं, पुन्हा ते बसले. वजीर तो (हे त्याचं नावच) राजाच्या राज्यारोहणाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवाच्या गडबडीत होता. त्यानं निरोप पाठवला की कोठारात काही नसलं तरी सापडेल ते मी दिलं आहे. अर्धा पगार निघाला. इतिहासात नोंद असलेला पहिला संप म्हणून याचं नाव घेतात, आणि कामगार चळवळीवरच्या भाषणांत तो हमखास येतो.

इथपर्यंतची गोष्ट मला फार आवडते, आणि मी ती बऱ्याच जणांना सांगितली आहे. सांगता सांगताच त्यातली एक गोष्ट खुपायला लागली. ही माणसं सामान्य म्हणायची ती कुणाच्या मानानं? राजाच्या मानानं, ठीक. पण यांना सरकारी घर होतं. पगार ठरलेला. लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाण त्या काळी देशभरात कुठे नसेल इतकं या गल्लीत होतं. तक्रार कुणाकडे करायची हे त्यांना माहीत होतं आणि वजिरापर्यंत त्यांचा आवाज पोचत होता. ती राजाची खास माणसं होती. इजिप्तमधला खरा बहुसंख्य माणूस नाईलच्या काठी चिखलाच्या विटांच्या घरात राहत होता आणि शेती करत होता. त्याचं गाव पुराच्या गाळाखाली गेलं, त्याच्यावर दुसरं वसलं, त्याच्यावर तिसरं. जे उंचवट्यावर उरलं ते अलीकडच्या शतकांत शेतकऱ्यांनीच खणून नेलं, कारण जुन्या मातीच्या विटा कुजल्या की उत्तम खत होतं. ज्याच्या धान्यावर मेन्नाचा पगार निघत होता, त्याचं घर शेवटी शेतात पसरलं गेलं.

पण शेतकरी निदान गावाच्या बाहेरचा. देर अल-मदिनाच्या वेशीत रोज येणारी माणसंही होती, आणि काकूंचा प्रश्न त्यांच्यापाशी नेतो. पाणी कुठून यायचं? गावात विहीर नव्हती. नदीकडच्या सखल भागातून गाढवांवर पखाली लादून पाणके रोज चढण चढायचे आणि वेशीबाहेरच्या मोठ्या रांजणात पाणी ओतायचे. लाकूडतोडे जळण आणायचे. कोळी मासे, माळी भाजी, कुंभार मडकी. परीट कपडे न्यायचा आणि आणायचा. ही सगळी सरकारनं गावाच्या सेवेला लावलेली माणसं, टोळीप्रमाणेच उजव्या आणि डाव्या बाजूला वाटलेली. ती गावकुसाच्या आत राहत नव्हती. त्यांची नावं कपच्यांवर खूप आहेत, पण कशासाठी? अमक्या लाकूडतोड्यानं इतकं जळण आणलं, इतकं बाकी. तमक्या कोळ्यानं इतके मासे दिले, इतके कमी. नाव, आकडा, तूट. लाकूडतोड्याला विंचू चावला का, हे लाल शाईत कुणी लिहिलेलं नाही. मोळी का आली नाही हा प्रश्नच दप्तराला पडलेला नसतो.

आमच्या कचेरीत एक बाई पिण्याचं पाणी भरायच्या. मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. आकस्मिक खर्चाच्या व्हाउचरवर दर महिन्याला त्यांचा अंगठा असायचा, आणि त्यावर माझी बारीक सही. त्यांची रजा कुठे मांडायची असा प्रश्न माझ्या सगळ्या नोकरीत कधी उद्भवला नाही.

गाढवांची भानगड तर वाचावी अशी आहे. पाणक्याला आणि लाकूडतोड्याला गाढव लागणारच, आणि पुष्कळदा ते त्याचं स्वतःचं नसे. तो ते भाड्यानं घ्यायचा, गावातल्याच कामगाराकडून. म्हणजे सरकारी पगारावर जगणारा, वेळेवर धान्य आलं नाही तर वजिराकडे धाव घेणारा आपला कामगार उरलेल्या धान्यातून गाढव विकत घेतो आणि ते पाणक्याला भाड्यानं देतो. पाणका त्याच गाढवावरून त्याच कामगाराच्या घरचं पाणी आणतो आणि वर भाडंही भरतो. भाडं थकलं तर नोंद. गाढव मेलं तर भांडण. न मिटलेले तंटे देवापुढे नेत. गावाचा रक्षक म्हणून पुजलेल्या आमेनहोतेप पहिल्याची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवत, तिच्यापुढे प्रश्न ठेवत, मूर्ती पुढे सरकली तर हो, मागे सरकली तर नाही. मूर्ती वाहणारे खांदे अर्थातच गावातल्यांचे. हे शोषण वगैरे म्हणायला मी धजावत नाही, कारण कामगारही काही मातब्बर नव्हता; त्याला आपल्या थडग्याची पेटी करायची होती, लेकीला काही द्यायचं होतं. पण संपावरचं भाषण करताना ही गाढवं कुणी सोबत आणत नाही.

दळणाचं त्याहून वेगळं. इतकं धान्य रोज पाट्यावर दळायचं म्हणजे गुडघे टेकून तासन् तास. त्यासाठी सरकारनं दासी दिलेल्या होत्या. एका घराला एक दासी असं नाही, तिचे दिवस वाटलेले. अमक्या घराला महिन्यातले इतके दिवस, तमक्याला इतके. हे दिवस मालमत्तेत मोजले जात, वारशानं जात, विकताही येत. बाईचा दिवस विकायला आहे, घेणार का? नौनाख्ते स्वतःला स्वतंत्र बाई म्हणवून घेते ते वाक्य मी पूर्वी फार ठसक्यात वाचून दाखवायचो. आता ते वाचताना तिच्या मागच्या स्वयंपाकघरातलं पीठ कुणी दळलं असेल हा विचार मधे येतो आणि ठसका तितका जमत नाही.

आणि मग परीट. माझा जीव का कोण जाणे त्याच्यात अडकला आहे. खा नावाच्या मुकादमाचं आणि त्याची बायको मेरित हिचं थडगं एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना १९०६ मध्ये याच डोंगरात सापडलं, एकदम अस्पर्श. चारशेहून जास्त वस्तू होत्या. पलंग, खुर्च्या, पाव, भाज्यांनी भरलेली भांडी, आणि कपडे. खाचे लंगोटच पन्नासच्या आसपास आहेत, सदरे वेगळे. त्यांतल्या कित्येकांवर खाची खूण केलेली आहे. तुरिनच्या संग्रहालयात लोक त्या खुणा पाहून खुश होतात, की पाहा, किती माणसासारखा माणूस, लंगोटावरसुद्धा नाव! पण स्वतःच्या घरात लंगोटावर नाव कशाला लागतं? ते कपडे बाहेर जात होते, दुसऱ्यांच्या कपड्यांत मिसळत होते, आणि कुणीतरी ते निवडून परत आणत होतं, म्हणून खूण.

त्या कुणीतरीबद्दल गावातल्या पोरांनी काय वाचलं तेही उरलं आहे. लेखनाचा सराव म्हणून त्यांना एक जुना पाठ उतरवायला देत. बाप मुलाला शाळेत घालायला निघाला आहे आणि वाटेत एकेका धंद्याची नालस्ती करतो आहे, म्हणजे पोरगं लेखनिक व्हायला राजी व्हावं. तांबट, गवंडी, न्हावी, शेतकरी, कुणी सुटत नाही. परटाबद्दल म्हटलंय की तो नदीकाठी धुतो आणि सुसर त्याची शेजारीण. या पाठाच्या कितीतरी प्रती देर अल-मदिनाच्या कपच्यांवर सापडल्या आहेत. ज्या मुलानं हे घोटून घोटून लिहिलं, त्याच्या अंगावरचा सदरा त्याच सुसरीच्या शेजारी धुतलेला होता.

सेन्नेजेमच्या थडग्यात मी वाकून उतरलो होतो. तो याच गावचा कामगार, एकोणिसाव्या घराण्याच्या काळातला. घरापासून त्याचं थडगं हाकेच्या अंतरावर आहे. आत एका भिंतीवर तो आणि त्याची बायको ईनेफर्ती मृत्यूनंतरच्या शेतात काम करताना रंगवली आहेत. तो नांगर धरतो, ती मागून बी टाकते, दोघं पीक कापतात. जन्मभर ज्यानं छिन्नी आणि ब्रश धरला, त्यानं स्वर्गात शेतकरी व्हायचं चित्र काढून घेतलं. आणि हे काम करताना दोघांच्या अंगावर लांबलचक, चुणीदार, पांढरंशुभ्र लिननचं कापड. त्यावर मातीचा डाग नाही. गाइड म्हणाला, ‘व्हेरी ब्यूटिफुल, व्हेरी क्लीन.’ आणि तरी पुढची सोय म्हणून थडग्यात उषब्ती ठेवलेल्या असतातच. या छोट्या बाहुल्या कशासाठी, तर परलोकात मालकाला कामाला बोलावलं, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायला सांगितली, तर बाहुलीनं उठून ‘मी आहे, मी करते’ म्हणायचं. पुढच्या काळात हे इतकं वाढलं की वर्षाच्या दर दिवसाला एक अशा तीनशे पासष्ट बाहुल्या, आणि दर दहा बाहुल्यांवर लक्ष ठेवायला एक मुकादम बाहुली. मेल्यावर मुकादमाचंही काम दुसऱ्याकडे देऊन टाकायचं, हे मात्र आस्थापना शाखेतल्या माणसाला पटलं.

परटाला वाचता येत नसावं. गावातल्या साध्या माणसांसाठीही खुणांची एक लिपी होती. प्रत्येकाची स्वतःची एक खूण, कधी अक्षर, कधी प्राणी, कधी नुसतीच रेघांची आकृती. आणि धुण्याच्या याद्यांचे काही कपचे सापडले आहेत ज्यांवर शब्दच नाहीत. कपड्यांची चित्रं आहेत. लंगोटाचा त्रिकोण, झालर लावलेलं कापड, बाह्यांचा सदरा, आणि प्रत्येकासमोर ठिपके, जितके नग तितके. अभ्यासक म्हणतात की निरक्षर धोब्याला समजावं म्हणून हे असं काढलं असणार. ढिगानं सापडलेल्या त्या मजकुरात पाणक्याबद्दल, लाकूडतोड्याबद्दल, परटाबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. त्याच्यासाठी, त्यानं पाहावं म्हणून काढलेलं बहुधा एवढंच. तेही नग कमी भरले तर त्यालाच विचारता यावं म्हणून.